रविवारच्या आत गोलच्या फळ्या पाहिजेत

परभणीहून, शनिवारी रात्री

मस्कतची मंडळी,

गावाकडच्या आपल्या हॉकी टीमच्या आजच्या मॅचचा स्कोअर ग्रुपवर आलाच आहे, २-२. खरं तर तो ३-२ होता. हाफटाइमला आपण ०-२ ने मागे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सेंटर हाफला यलो कार्ड, पाच मिनिटं आपले दहाच जण, आणि त्याच पाच मिनिटांत आपला पहिला गोल झाला. दुसरा चौथ्या क्वार्टरमध्ये, गोलकीपरच्या पॅडवरून परत आलेल्या बॉलवर. हूटरच्या तोंडावर त्यांच्या डिफेंडरचा डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, बॉलला पाय लागला. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोललाइनवरून बॉल डीच्या बाहेर ढकलायचा आणि मग गोलवर मारायचा. वेळ संपली तरी कॉर्नर पूर्ण होऊ देतात, तसा दिला. पुश सरळ आला, डीच्या बाहेर बॉल नीट थांबला, आणि उदगीरच्या पोराने जीव तोडून हिट मारला. बॉल जाळीत!

अंपायरने गोल दिला नाही. कॉर्नरवरचा पहिला शॉट हिट, म्हणजे स्टिक फिरवून मारलेला, असेल तर बॉल ४६० मिलिमीटरच्या वरून गोलमध्ये जाता कामा नये, हा वरून गेला म्हणे. कशावरून ठरवलं? गोलमध्ये तेवढ्याच उंचीची मागची फळी असते, ती इथे नाहीच. फळी असती तर आवाज आला असता आणि विषय तिथंच मिटला असता.

प्रोटेस्ट करून काही होणार नाही. पुढच्या रविवारी याच ग्राउंडवर मॅच आहे, त्याच्या आत दोन्ही गोलना फळ्या बसवायच्या आहेत. मंडळाच्या किट फंडात उरलेले पैसे त्यासाठी द्यावेत. उद्यापर्यंत सांगा.

खजिनदार

पोरांचं मनापासून कौतुक. पण किट फंड हा किटचाच फंड आहे. लोकांनी पैसे दिले ते गोलकीपरचे पॅड, बुटांवरचे किकर आणि हेल्मेटसाठी. गोलच्या फळ्या लावणं हे लीग भरवणाऱ्यांचं काम. आज फळ्या, उद्या जाळी, परवा चुन्याची पोती, असं होता कामा नये. कमिटीत विषय घेतल्याशिवाय मी एक पैसाही हलवणार नाही.

उदगीरचे काका

खजिनदार, पैशाचं नंतर बघू. गोल कामून दिला नाही ते आधी बोला. मी पोराशी फोनवर बोललो. तो म्हणतो, समोरून धावत आलेल्या त्यांच्या पहिल्या रशरच्या स्टिकला बॉल लागला आणि मग उचलला गेला. नियम असा आहे की उंची धरायची ती बॉल कुणाला लागण्याआधीच्या मार्गावरून. खालून जाणारा बॉल त्यांच्याच स्टिकला लागून वर गेला असेल तर तो गोलच. अंपायरला कुणी हे विचारलं का?

आम्ही नांदेडला गोल्ड अँड सिल्व्हर कप बघायला एसटीने जायचो. पंजाबकडच्या टीमा यायच्या. कॉर्नरवर हिट बसला की फळीचा आवाज ग्राउंडच्या बाहेर चहाच्या गाड्यापर्यंत यायचा. गोल झाला का, असं कुणी कुणाला विचारत नव्हतं.

माजी सचिव

फळ्यांनी काय होणार? मूळ दुखणं मुरमाचं आहे. मुरमावर बॉल उसळतो, ड्रॅग फ्लिक, म्हणजे स्टिकने ओढत उचलून फेकलेला शॉट, बसत नाही, म्हणून पोरांना हिट मारावा लागतो. फ्लिकला फळीच्या उंचीचं बंधनच नाही. जानेवारी २०२४ मध्ये इथे मस्कतला हॉकी फाइव्हजचा, म्हणजे पाच-पाच जणांच्या हॉकीचा, वर्ल्ड कप झाला तेव्हा आपण टर्फवरचा खेळ डोळ्यांनी बघितला. गावाकडे टर्फसाठी फंड उभारावा हा प्रस्ताव मी मांडलेला आहे. तो पुन्हा चर्चेला घ्यावा.

लातूरची ताई

सचिवकाका, टर्फला मॅचच्या आधी पाणी मारावं लागतं. वॉटर टर्फ कोरडं ठेवलं तर बॉल अडतो आणि पोरांचे गुडघे सोलतात. २०१६ साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. माझ्या सासूबाई घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. तिथे मैदानावर पाणी मारा म्हणून मी तरी कुणाला सांगणार नाही. वाळूचं टर्फ असतं, कमी पाण्याचं, पण त्याचा खर्चही आपल्या मंडळाला झेपणारा नाही. रविवारचं बोला. फळ्या.

उदगीरचे काका

करायच्याच तर सागवानाच्या करा. किनवटकडचं सागवान काय कमी आहे? प्लाय एका पावसात फुगतं.

परभणीहून

काका, अंपायरला कॅप्टनने विचारलं होतं. स्टिकला लागलेलं त्यांना दिसलं नाही, आणि इथे व्हिडिओ रेफरल नाही. आता तो विषय सोडा.

सागवान परवडणार नाही. आज सुतारमामांबरोबर ग्राउंडवर जाऊन मापं घेतली. मागची फळी ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट, उंची अठरा इंच. बाजूच्या फळ्या किमान १.२० मीटर, म्हणजे चार फूट धरा. दोन गोलचं मिळून अठरा इंची पट्टी चाळीस फूट लागते. आठ बाय चारच्या एका शीटमधून अशी सोळा फूट निघते. म्हणजे तीन शीट. मागच्या फळीला आठ फुटांवर जोड येतो, त्याला पाठीमागून पट्टी मारू. वॉटरप्रूफ प्लाय घेऊ, कडांना आधी प्रायमर. आतून रंग गडद पाहिजे, काळा ऑइल पेंट चालतो. पांढऱ्या फळीवर पांढरा बॉल दिसत नाही.

मजुरी सुतारमामा घेत नाहीत, त्यांचा पोरगा आपल्याकडे लेफ्ट आउट खेळतो. फक्त प्लाय, खिळे आणि रंग.

लातूरची ताई

रंगाचे पैसे माझ्याकडून.

खजिनदार

फंडाला हात न लावता होत असेल तर माझी हरकत नाही. तीन शीटपैकी एक माझ्याकडून. सचिवकाका, एक तुम्ही घ्या. तिसरी उदगीरच्या काकांनी, पोरगा त्यांच्या गल्लीतला आहे. बिल कच्चं नको, पक्कं घे आणि इथे टाक. आणि ग्राउंडवाल्यांकडून लेखी घे की मॅच संपली की फळ्या आत कुलपात राहतील. मागच्या जाळ्या उघड्यावर राहिल्या आणि पुन्हा दिसल्या नाहीत.

उदगीरचे काका

दिली. पण प्लाय एकोणीस एमएमचंच घ्या. बारकं आणलं तर आमचं पोरगं पहिल्याच कॉर्नरला फोडेल.