मदत हवी आहे: एकाच डोळ्यामागे दिवसातून आठ-दहा वेळा तीव्र कळ, पंधरा-वीस मिनिटांत गायब

उंबरठा:
बायकोसाठी विचारतोय. वय ३८. चार महिन्यांपासून उजव्या डोळ्यामागे आणि कानशिलात भोसकल्यासारखी कळ येते, कायम उजवीकडेच. दिवसातून आठ-दहा वेळा, रात्री झोपेतूनही उठवते. कळ असेपर्यंत उजवा डोळा लाल होऊन गळतो, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते. मग बटण बंद केल्यासारखं थांबतं. अर्धशिशीच्या गोळ्या झाल्या, सायनस म्हणून अँटिबायोटिक झालं, आता दातांचे डॉक्टर वरची दाढ काढू म्हणतात. सुमाट्रिप्टान या अर्धशिशीच्या गोळीनेही फरक नाही. हे काय असेल?

सांजवात:
दाढ तूर्त राहू द्या. एक्स-रेत कीड किंवा पू दिसत नसेल तर ती काढून हे थांबणार नाही. आधी घड्याळ लावून मोजा: झटका किती मिनिटांचा, २४ तासांत किती. त्या वेळी त्या गप्प पडून राहतात की येरझाऱ्या घालतात? गालाला हात लावला, दात घासले की कळ सुटते का?

उंबरठा:
तीन दिवस मोजलं. ११, ९ आणि १३ झटके. सर्वांत छोटा ६ मिनिटांचा, मोठा २२. पडून राहवत नाही, डोकं दाबत फेऱ्या मारते. स्पर्शाने काही होत नाही, पण मान एका बाजूला वळवली की दोनदा सुरू झालं.

कपाळमोक्ष:
या आकड्यांवरून पहिला संशय पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनियाचा. नॉर्वेच्या स्यास्टाड आणि डाले यांनी १९७४ मध्ये त्याचं वर्णन केलं. पॅरॉक्सिस्मल म्हणजे झटक्यांनी येणारं, हेमिक्रेनिया म्हणजे अर्धं डोकं. मायग्रेन हा शब्दही त्यातूनच आला आणि आपली अर्धशिशीही त्याच अर्थाची. त्यामुळे 'अर्धं डोकं दुखतं' एवढंच सांगितलं की चिठ्ठीवर मायग्रेनची गोळी येते. मिनिटं सांगा.

मायग्रेन औषधाविना ४ ते ७२ तास चालतो. क्लस्टर डोकेदुखी (हीही एका डोळ्याभोवतीच येते) १५ ते १८० मिनिटं, दिवसाला फार तर आठ वेळा. पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया २ ते ३० मिनिटं आणि बहुतेक दिवशी पाचाहून जास्त वेळा. सेकंदांचे झटके शेकड्यांनी येत असतील आणि डोळा गळत असेल तर तो सुंक्ट. त्याचं औषध वेगळं, लॅमोट्रिजिन. स्पर्शाने विजेसारखी चमक गालात-जबड्यात गेली तर ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेचं दुखणं.

नाक आणि डोळा गळतो तो सायनसमुळे नव्हे. चेहऱ्याची संवेदना नेणारी नस चेतली की मेंदूच्या बुंध्यातून अश्रुग्रंथी आणि नाकाच्या अस्तराला उलटा संदेश जातो. म्हणून सगळं दुखऱ्या बाजूलाच, आणि कळेबरोबरच थांबतं.

न्यूरॉलॉजिस्टकडे जा. झटक्याच्या वेळी चेहऱ्याचा व्हिडिओ काढून न्या, कारण तपासणीच्या खोलीत पोचेपर्यंत डोळा पांढरा झालेला असतो.

औषधवाला:
याची ओळख आणि उपचार एकच: इंडोमेथासिन हे सूज-वेदना कमी करणारं औषध. पण फसतो तो प्रयोग डोसमुळे. २५ मिलिग्रॅम दोनदा, चार दिवस, 'लागू पडलं नाही' म्हणून बंद, हे नेहमीचं. साधारण पद्धत अशी की २५ तीनदा तीन दिवस, मग ५० तीनदा, तरी झटके उरले तर ७५ तीनदा. प्रौढांमध्ये दिवसाला १५० पर्यंत, गरज पडल्यास २२५ पर्यंत जाऊन पाहिल्याशिवाय निकाल धरत नाहीत. योग्य डोस मिळाला की बहुधा एक-दोन दिवसांत झटके पूर्ण थांबतात. निम्मे कमी झाले, बरं वाटतं, असं असेल तर निदानच पुन्हा तपासायचं.

हे स्वतः दुकानातून आणून सुरू करू नका. पोटाला हे औषध जड आहे: भरल्या पोटी घ्यायचं, सोबत पोटातलं आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, रक्तदाब. अल्सर झालेला, मूत्रपिंडाचा आजार, ॲस्पिरिनने उसळणारा दमा, रक्त पातळ करणारी गोळी, लिथियम, गरोदरपण, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक सोबत नको. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर औषध थांबवून थेट हॉस्पिटल.

उंबरठा:
झटका आला की सध्या पॅरासिटामॉल देतो. ते चालू ठेवू? आणि इंडोमेथासिनने थांबलंच तर एमआरआयचा खर्च वाचेल का?

कपाळमोक्ष:
पॅरासिटामॉल सोडा. गोळी रक्तात उतरेपर्यंत झटका आपोआप ओसरलेला असतो, म्हणून ती लागू पडल्याचा भास होतो. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस असं चाललं की औषधामुळेच होणारी वेगळी डोकेदुखी मागे लागू शकते.

एमआरआय मात्र टाळू नका. पिट्यूटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीजवळच्या गाठीमुळेही हुबेहूब असे झटके येतात आणि तेही कधीकधी इंडोमेथासिनला दबतात. कॉन्ट्रास्ट इंजेक्शनसह मेंदूचा करायचा, पिट्यूटरी आणि कॅव्हर्नस सायनस (तिच्या शेजारची रक्ताची पोकळी, नाकाचा सायनस नव्हे) नीट बघायला चिठ्ठीवर लिहून घ्या.

पापणी खाली येऊन बाहुली बारीक झाली, ती झटक्यानंतरही तशीच राहिली आणि मान दुखत असेल, तर त्याच दिवशी इमर्जन्सी. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटलेली असू शकते. अचानक आलेलं आयुष्यातलं सर्वांत भयंकर दुखणं, ताप आणि ताठ मान, हातपाय लुळे पडणं यांनाही तोच नियम.

उंबरठा:
औषध जन्मभर का?

औषधवाला:
झटके थांबल्यावर डोस हळूहळू उतरवत सर्वांत कमी कामाच्या मात्रेवर आणतात. काहींना तीन महिने किंवा त्याहून जास्त मोकळा काळ मिळतो, म्हणून काही महिन्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करून पाहतात. झटके पहाटे येत असतील तर रात्रीचा डोस झोपण्याच्या वेळी, थोडं खाऊन घ्यायचा असा सरकवून मागा. पोट सोसत नसेल तर सेलेकॉक्सिब, व्हेरापामिल, टोपिरामेट किंवा डोक्यामागच्या मज्जातंतूभोवती इंजेक्शन, हे पर्याय आहेत, पण इंडोमेथासिनइतके खात्रीचे नाहीत.

आणि पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत हे औषध चालू ठेवायचं की नाही, ते डॉक्टरांना फोन करून विचारा. प्लेटलेट घसरलेल्या असताना यामुळे रक्तस्राव वाढतो.