ओरिजिनॅलिझमला मराठीत काय म्हणायचं? (मूलतत्त्ववाद सोडून)

अनुवादक

दिवाळी अंकासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि 'ओरिजिनॅलिझम'पाशी दोन दिवस अडकलेय. संपादकांनी खर्ड्यात त्याचं सरळ 'मूलतत्त्ववाद' करून टाकलं. मूलतत्त्ववाद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फतवे येतात. ओरिजिनॅलिझमचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया सॅम्युअल जॉन्सनच्या शब्दकोशाची १७७३ची आवृत्ती उघडून बसलेत, हे चित्र काही येत नाही.

संकल्पना थोडक्यात अशी: राज्यघटनेतला शब्द ज्या दिवशी घटनेत आला, त्या दिवशी त्याचा जो अर्थ होता तोच आजही धरायचा. मूळ घटना १७८७ची, पहिल्या दहा दुरुस्त्या १७९१च्या, चौदावी १८६८ची. काळाप्रमाणे अर्थ बदलतो म्हणणाऱ्या उलट बाजूच्या 'लिव्हिंग कॉन्स्टिट्यूशन'ला 'जिवंत राज्यघटना' चालेल असं वाटतं. पण इकडे काय? मूळवाद, मूलार्थवाद, आद्यार्थवाद... एकही तोंडात बसत नाही.

मोडीवाचक

मूलार्थवाद. फार विचार करू नका.

यातली अडचण मात्र आम्हा जुने कागद वाचणाऱ्यांच्या रोजची आहे. मागे एक मुलगा महसुली कागद घेऊन आला. त्यात पणजोबांनी 'राजीनामा' दिल्याचं लिहिलेलं. त्याचा प्रश्न: "पणजोबा सरकारी नोकरीत होते का?" छे हो, नोकरी कुठली! राजीनामा म्हणजे जमीन सोडत असल्याचं खातेदाराने लिहून देणं, आणि नवा घेणारा लिहून देतो ती कबुलायत. शब्द तोच, पण आजचा अर्थ लावलात तर पणजोबा शेतकऱ्याचे कारकून होतात.

अमेरिकेच्या घटनेतही असा एक राजीनामा आहे. चौथ्या अनुच्छेदात म्हटलंय की राज्याने मागणी केली तर संघराज्य त्याचं 'डोमेस्टिक व्हायोलन्स'पासून रक्षण करील. आज याचा अर्थ घरातली मारहाण. १७८७ साली तो राज्यातली बंडाळी असा होता. मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेजच्या पुढारपणाखाली केलेला उठाव तेव्हा ताजा होता. तिथे 'कौटुंबिक हिंसाचार' लिहिलंत तर लोक हसतील.

कोर्टाची पायरी

मोडीवाचक, उदाहरण झकास, पण त्यावर भांडण कुणाचंच नाही. तिथे जिवंत घटनावालेसुद्धा बंडाळीच म्हणतील. भांडण असतं ते आठव्या दुरुस्तीने मनाई केलेल्या 'क्रूएल अँड अनयूज्वल', म्हणजे क्रूर आणि नेहमीपेक्षा वेगळ्या, शिक्षेसारख्या शब्दांवर. १७९१ साली फटके मारणं चालत होतं, म्हणून ते आजही घटनेत बसतं का? १९५८ साली ट्रॉप खटल्यात सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलं की या दुरुस्तीचा अर्थ समाजाच्या सभ्यतेच्या बदलत्या, पुढे जाणाऱ्या निकषांवरून काढायचा. मूळ अर्थवाल्यांना हे वाक्य अजून पचलेलं नाही.

अवांतर: एका ठिकाणी याचं भाषांतर 'क्रूर व अनन्यसाधारण शिक्षा' असं वाचलं. अनन्यसाधारण आपण सत्काराच्या भाषणात म्हणतो हो! मी 'रीतीबाहेरची' म्हणेन. काही अभ्यासकांच्या मते त्या काळी 'अनयूज्वल'चा रोख तसाच होता, म्हणजे पूर्वापार चालत आलेल्या रीतीला सोडून.

आता मूळ प्रश्न. 'ओरिजिनल' काय, हेच त्या लोकांचं मधल्या काळात बदललं. हा शब्द रूढ केला पॉल ब्रेस्ट या कायद्याच्या प्राध्यापकाने, १९८० साली, आणि तोही टीका करताना. १९८५च्या जुलैत रेगन सरकारचे अॅटर्नी जनरल एडविन मीस यांनी वकिलांच्या सभेत घटनाकारांच्या मूळ हेतूचा पुकारा केला. ऑक्टोबरात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी उत्तर दिलं, की दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांच्या मनातलं आपल्याला कळतं म्हणणं म्हणजे नम्रतेचं पांघरूण घेतलेला उद्धटपणा. पुढच्याच वर्षी स्कॅलियांनी आपल्या मंडळींना सांगितलं, हेतू सोडा, अर्थ धरा. घटनाकारांच्या मनात काय होतं ते महत्त्वाचं नाही. तो मजकूर वाचणाऱ्या तेव्हाच्या सामान्य माणसाला काय कळलं असतं, ते बघायचं.

म्हणून १९८६ आधीचा तो मूलहेतुवाद आणि नंतरचा मूलार्थवाद. लेख कुठल्या काळावर आहे?

अनुवादक

दोन्ही काळांवर आहे, तेच तर दुखणं. आणि एक विचित्र गोष्ट आत्ता लक्षात आली. 'अर्थ' म्हणजे मीनिंग, आणि 'अर्थ' म्हणजे हेतूसुद्धा! लोकहितार्थ, सेवार्थ, स्मरणार्थ. स्कॅलियांनी जी दोन टोकं तोडून वेगळी केली, ती आपल्या एका शब्दात गाठ मारून बसलीत. 'मूलार्थ' म्हटलं की मीसही खूश आणि स्कॅलियाही.

मोडीवाचक

हे मात्र खरं. मग 'तत्कालीन रूढार्थ' म्हणा. आपल्याकडे योग आणि रूढी हा भेद आधीपासून आहेच. व्युत्पत्तीने निघतो तो यौगिक अर्थ, लोक वापरतात तो रूढ. योगाद्रूढिर्बलीयसी.

कोर्टाची पायरी

पण रूढी थांबते कुठे? 'माझ्या अपरोक्ष' हे आज सगळे 'माझ्या पाठीमागे' या अर्थाने म्हणतात. संस्कृतात अपरोक्ष म्हणजे अगदी डोळ्यांसमोर. कुणाच्या मृत्युपत्रात 'माझ्या अपरोक्ष वाटणी करू नये' असं असेल तर न्यायाधीश कोश उघडणार की गावाला विचारणार? मी गावाला विचारेन, पण लिहिलं त्या वर्षीच्या गावाला. हा झाला मूळ रूढार्थवाला. जिवंत घटनावाला म्हणेल, मृत्युपत्राचं ठीक आहे, पण राज्यघटना पिढ्यान् पिढ्यांसाठी असते, आजच्या गावाला विचारा.

न्यू जर्सीकर

इथे राहतो म्हणून भर घालतो. शस्त्रांच्या हक्काच्या दुसऱ्या दुरुस्तीतला 'बेअर आर्म्स' तुम्ही कसा घेणार आहात? २७ शब्दांची दुरुस्ती आहे आणि २००८चा हेलर खटला त्यातल्या दोन-चार शब्दांवर लढला गेला. निकाल ५ विरुद्ध ४. स्कॅलियांच्या बहुमताने म्हटलं, बेअर म्हणजे जवळ बाळगणं, सामान्य माणसाने स्वसंरक्षणासाठीसुद्धा. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी अल्पमतात म्हटलं, हा जोडशब्द त्या काळी सैन्यातला वाक्प्रचार होता. गंमत म्हणजे दोघेही अठराव्या शतकातच पुरावे शोधत होते. नंतर भाषाशास्त्रज्ञांनी त्या काळचा मजकूर संगणकावर चाळला, तेव्हा बहुतेक ठिकाणी वापर सैन्याच्या संदर्भातला निघाला.

मराठीत 'शस्त्र बाळगणे' लिहिलंत की स्कॅलिया जिंकले. 'शस्त्र उचलणे' लिहिलंत की स्टीव्हन्स, कारण आपल्याकडेही शस्त्र उचलतात ते कुणाविरुद्ध तरी.

अनुवादक

बापरे. म्हणजे मी निकालच देऊन बसणार होते. 'टेक्स्च्युअॅलिझम'ही लेखात दोनदा आलाय, त्याला संहितावाद?

कोर्टाची पायरी

संहिता म्हटलं की वकिलाला दंड संहिता आठवते. शब्दनिष्ठा बरं. लिहिलेल्या शब्दांनाच धरून चालायचा हा आग्रह मुख्यतः संसदेने केलेल्या कायद्यांबाबत असतो. पण शब्दनिष्ठ म्हणजे शब्दशः नव्हे. २०२०च्या बॉस्टॉक खटल्यात याच मुद्द्यावर शब्दनिष्ठांची आपसात जुंपली. नोकरीत लिंगामुळे भेदभाव करायचा नाही, असं १९६४चा कायदा सांगतो. न्यायमूर्ती गॉर्सच म्हणाले, समलिंगी म्हणून काढून टाकलं तर ते लिंगामुळेच झालं. न्यायमूर्ती कॅव्हनॉ म्हणाले, हा अक्षरार्थ झाला, लोकांच्या बोलण्यातला अर्थ वेगळा. निकाल गॉर्सच यांच्या बाजूने, ६ विरुद्ध ३.

मोडीवाचक

आपल्याकडचं एक उदाहरण राहून जातंय. 'ड्यू प्रोसेस' (रीतसर, न्याय्य प्रक्रिया) हा अमेरिकी शब्द घटना समितीने मुद्दाम बाहेर ठेवला. सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टरना भेटून आले होते. त्या शब्दाच्या जोरावर न्यायाधीश कायदे पाडतात, हे तिथे दिसलंच होतं. १९०५ साली लॉकनर खटल्यात बेकरी कामगारांना आठवड्याला ६० तासांची मर्यादा घालणारा कायदा असाच पडला. म्हणून जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या आपल्या कलम २१मध्ये 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' आली. डॉ. आंबेडकरांना दोन्ही पर्याय संकटाचेच वाटत होते. १९५० साली गोपालन खटल्यात न्यायालयाने ड्यू प्रोसेस आत घ्यायला नकार दिला. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे असं ठरलं. पुढच्या दाराने नाकारलेला पाहुणा मागच्या दाराने येऊन जेवायला बसला. बरं झालं असं मला वाटतं, पण मूळ अर्थवाल्याला ते जाचणारच.

न्यू जर्सीकर

'ज्युडिशियल अॅक्टिव्हिझम'लाही जपा. इथे ती बहुतेकदा शिवी असते. मराठी वर्तमानपत्रांत 'न्यायालयीन सक्रियता' कौतुकानेही येते.

अनुवादक

टीकेच्या जागी 'अतिसक्रियता' करते. मुख्य शब्द असा ठरवलाय: पहिल्यांदा येईल तिथे 'मूळ अर्थाचा आग्रह', तिथेच एका वाक्यात हेतू आणि अर्थ यांतला फरक, आणि पुढे सगळीकडे 'मूलार्थवाद'. 'तत्कालीन रूढार्थ' फक्त स्कॅलियांच्या भागात. संपादकांना कळवलं. ते म्हणाले, "मूलतत्त्ववाद मथळ्यात छान बसत होता."

न्यू जर्सीकर

आणि 'बेअर आर्म्स'?

अनुवादक

बहुमताच्या परिच्छेदात 'बाळगणे', अल्पमताच्या परिच्छेदात 'उचलणे'. मूळ दुरुस्ती उद्धृत केलीय तिथे 'बेअर आर्म्स' देवनागरीत तसंच ठेवलंय.