मदत हवी आहे: कळ्या पिवळ्या पडून गळतायत, प्रदर्शन तीन आठवड्यांवर!

कुंडीवेडा: लवकर सांगा प्लीज. काल सतरा कळ्या होत्या, आज सकाळी अकरा. आधी देठाशी पिवळ्या होतात मग नुसता हात लागला तरी टपकन पडतात. पाणी बरोबर, खत बरोबर, कीड नाही, भिंग घेऊन बघितलंय. प्रदर्शनात नाव देऊन बसलोय. काय फवारू?

सावलीतली: कशाच्या कळ्या?

कुंडीवेडा: ऑर्किडच्या, अजून कशाच्या!

सावलीतली: अहो ऑर्किडच्या पंचवीस हजारांवर जाती आहेत. नाव सांगा, रात्रीचं तापमान सांगा.

कुंडीवेडा: फॅलेनॉप्सिस शिलेरियाना, चंदेरी चट्ट्यांच्या पानांची. ग्रीनहाऊसमध्ये रात्री 17. आता तरी सांगा.

जुनाकाटा: हवा कोरडी आहे, दुसरं काही नाही. दिवसातून तीनदा फवारा मारा. मी बारा वर्षं हेच करतोय. आणि हो, लिथॉप्सला (ते दगडासारखं दिसणारं जाड पानांचं झाड) मात्र थंडीत थेंबभर पण पाणी नको, नवी पानं जुन्या पानांतलंच पाणी ओढून घेतात.

सावलीतली: लिथॉप्स कुठून आला मध्येच? आणि थंडीत संध्याकाळचा फवारा अजिबात नको. पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं की शेंडा कुजतो, फॅलेनॉप्सिसला तो एकच असतो. वर पाकळ्यांवर बुरशीचे ठिपके आले तर परीक्षकांना दुसरं काही दिसणारच नाही.

जुनाकाटा: मी संध्याकाळी म्हटलंच नाही. पंखा लावला की पानं तासाभरात सुकतात.

निवांत: भांडण नंतर. कुंडीवेडा, बाहेर एवढी थंडी असताना आत 17 राहतं कशाने?

कुंडीवेडा: हीटर आहे ना. विजेचा जळला म्हणून गेल्या आठवड्यापासून रॉकेलचा लावलाय. फटीबिटी सगळ्या टेपने बंद, आतून बबल रॅप, त्यामुळे ऊब मस्त टिकते. पण त्याचा काय संबंध?

निवांत: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं की हो! रॉकेल अर्धवट जळलं की इथिलीन निघतो, केळी पिकवणारा वायू तोच. कोंडलेल्या जागेत ऑर्किडच्या कळ्यांना तो अगदी थोडासाही पुरतो. शिवाय कार्बन मोनॉक्साइड निघतो तो वेगळाच, आणि तुम्ही आत भिंग घेऊन बसताय. आधी दार उघडा, कळ्यांचं नंतर बघू.

जुनाकाटा: माझा गॅसचा हीटर आठ वर्षं चालू आहे, एक कळी गळली नाही.

सावलीतली: तुमच्या हीटरला धूर बाहेर सोडायचा पाइप आहे, तुम्हीच फोटो टाकला होतात.

कुंडीवेडा: (दोन दिवसांनी) वात बघितली, वर काजळीचा थर, ज्योत पण पिवळी होती. विजेचा उसना आणलाय. सात कळ्या उरल्या, त्यातल्या दोन बोटाला मऊ लागतायत. दांडा उजेडाकडे वाकलाय, कुंडी फिरवून ठेवली तर सरळ होईल ना?

सावलीतली: नका फिरवू!! आत्ता फिरवलीत तर फुलं एकेक वेगळ्या दिशेला तोंड करून उमलतील. काठी लावा, दांडा सैल बांधा, कुंडी आहे तिथेच राहू द्या.

कुंडीवेडा: कालच फिरवली.

निवांत: मग परत होती तशी ठेवा.

जुनाकाटा: फवारा मारला असता तर नऊ तरी उरल्या असत्या.