जबड्याच्या दुखण्यावर स्प्लिंट लावलंय का कोणी?

गव्हाळ: चार महिने झाले उजव्या कानापुढे दुखतंय, सकाळी जबडा आखडलेला असतो आणि भाकरी चावताना कट्ट असा आवाज येतो. आधी कानच दाखवला, तो स्वच्छ निघाला. मग दातांचे डॉक्टर म्हणाले जबड्याच्या सांध्याचा त्रास आहे, रात्री स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसणारी प्लेट, लावा. घरचे म्हणतात मी झोपेत दात खाते. स्प्लिंटने कायमचं बरं होतं का? खर्चाआधी विचारतेय.

रानजाई: दीड वर्ष लावतेय मी. पहिला आठवडा नुसती लाळ गळायची, दोनदा तर झोपेतच काढून उशीखाली टाकलेलं. डॉक्टरांनी निळा कागद दाताखाली धरून चावायला लावलं आणि जिथे ठसा जास्त उमटला तिथे प्लेट घासून सारखी केली, असं तीनदा केल्यावर कुठे आराम पडला. नुसतं घेऊन घरी आलात आणि परत गेलाच नाहीत तर उपयोग नाही. आणि हो, गरम पाण्याने धुवू नका, वाकतं.

दाढदुखी: मी दातांचीच डॉक्टर आहे. ताई, स्प्लिंट सांधा बरा करत नाही, दातांची झीज वाचवतं आणि काहींचं दुखणं कमी होतं, एवढंच. जुनाट दुखण्यासाठी 2023 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांच्या शिफारशी आल्या, त्यात जबड्याचे व्यायाम, फिजिओ आणि समुपदेशन यांच्यावर जोर आहे, स्प्लिंटवर नाही. घ्यायचंच तर सगळे दात झाकणारं कडक ॲक्रिलिकचं घ्या, फक्त पुढच्या दातांवरचं महिनोन्‌महिने लावलं तर मागचे दात सरकून चावा बदलू शकतो. आणि चावा बसवायला कोणी तुमचे दातच घासायला निघालं तर कृपा करून थांबा, घासलेला दात परत येत नाही. नुसता आवाज आहे, दुखत नाही, तर काही करायची गरज नसते. पण तुमची तीन बोटं उभी तोंडात मावतात का ते बघा. दिवसा ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, ही सवय आजपासूनच लावा.

गव्हाळ: आत्ता करून बघितलं, दोन बोटं जातात, तिसरं अडतंय आणि कानापाशी कळ येते. आणि पेपर तपासताना मी दात आवळूनच बसलेली असते हे आज पहिल्यांदा लक्षात आलं, तुमचं वाचतानासुद्धा आवळलेलेच होते.

दाढदुखी: मग थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. तोवर चिक्की, ऊस बंद आणि जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा.