मदत हवी आहे: शिबिरात २४ स्काउट-गाइड मुलांना हॅम रेडिओची ओळख कशी करून द्यावी?

नमस्कार मंडळी,

शाळेच्या स्काउट-गाइड पथकाचं काम मी सात वर्षं बघतेय. दोन वर्षांपूर्वी हॅमचा, म्हणजे हौशी वायरलेसचा, रिस्ट्रिक्टेड (प्राथमिक श्रेणीचा) परवाना काढला, तेव्हापासून हे मुलांना दाखवायचं डोक्यात आहे. डिसेंबरमध्ये दोन रात्रींचं शिबिर आहे. मुलं ११ ते १४ वयाची.

गेल्या वर्षीचा प्रयत्न फसला. मंडपात टेबलावर रिग (वायरलेस संच) ठेवला, दोन झाडांमध्ये घाईघाईत डायपोल (तारेची अँटेना) ताणला, तोही जेमतेम डोक्याच्या उंचीवर. मुलांना ओळीत बसवून मी बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, समजावले, मग ७ मेगाहर्ट्झ लावला आणि स्पीकरमधून नुसती खरखर. शेजारी जनरेटर धडधडत होता, त्याचाच हा त्रास, हे मला सुचलंच नाही. अर्धा तास नॉब फिरवत राहिले. मुलं चहाला पांगली, जनरेटर बंद झाला आणि लगेच स्वच्छ आवाज आला, "सीक्यू, सीक्यू, सीक्यू..." म्हणजे 'कुणी ऐकत असेल तर उत्तर द्या'. सहावीतली एक मुलगी तेवढी मागे राहिली होती, उरलेल्या कोॲक्सची (अँटेनाच्या केबलची) गुंडाळी करत. ती गुंडाळी हातात तशीच धरून स्पीकरपाशी वाकली. "बाई, हे कुठून बोलतायत? इथे तर मोबाइलला रेंजच नाही."

बोलणारे गृहस्थ हुबळीचे होते. मधे ना टॉवर, ना तार. तिला हे सांगितलं तर ती वर आभाळाकडेच बघत राहिली. बाकीच्या मुलांनाही हे अनुभवता यावं, एवढंच मला हवंय.

या वेळी अँटेना मुलांनीच उभारायची. १४३ ला ७.१ ने, म्हणजे मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने, भागलं की साधारण २० मीटर येतात, म्हणजे मधून दोन्हीकडे १०-१० मीटर तार. सातवीच्या मुलाला हे गणित सहज जमतं. लाठ्या एकमेकींना बांधून डोलकाठी करणं तर ती दरवर्षी करतातच. मोर्ससाठी (लहान-मोठ्या आवाजांच्या सांकेतिक लिपीसाठी) बझर आणि सेल घेतलेत. ओढ्याच्या दोन्ही काठांवर दोन गट बसवून एकमेकांना स्वतःची नावं पाठवायला लावणार. मुलांकडे परवाना नाही, त्यामुळे माइक माझ्याच हातात राहील.

अडचण जागेची आहे. शिबिर जुन्नरला, शिवनेरीच्या पायथ्याजवळ ठरत होतं. पण खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तिथून जवळ. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मुलांना तिथे नेलं होतं, ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० तबकड्या त्यांच्या अजून लक्षात आहेत. अशा दुर्बिणीच्या आसपास आपण हँडी (हातात धरायचा छोटा वायरलेस संच) दाबत बसणं योग्य आहे का? दुसरी जागा भोरकडे मिळतेय.

दुसरं म्हणजे हँडी फक्त दोन आहेत आणि मुलं २४. बाकीच्यांनी तेवढा वेळ काय करावं?

पालकही विचारतात, मोबाइल असताना हे कशाला? २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा हॅमची एक तुकडी आधीपासूनच पोर्ट ब्लेअरला होती आणि अंदमानातले निरोप त्यांनी बाहेर पोचवले, हे मी सांगते. पण मुलांना मोठ्या गोष्टीपेक्षा हातात काहीतरी द्यायला हवं.

प्रतिसाद १

बाई, जुन्नर सोडा, भोरलाच जा. तुमच्या हँडीचा १४५ मेगाहर्ट्झ जीएमआरटीच्या ऐकण्याच्या पट्ट्यातच येतो. ती दुर्बीण आकाशातले अतिशय क्षीण संकेत टिपते, आपली पाच वॉटची हँडी तिच्यापुढे भोंगा आहे. मुलांना हे कारणही जरूर सांगा.

दोन हँडी पुरतात. एक परवानाधारकाकडे द्या, तो झुडपात लपून दर मिनिटाला दहा सेकंद बोलेल. दुसरी मुलांकडे, नुसती ऐकायला. हँडी छातीशी घट्ट धरायची आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरायचं. आवाज जिथे सर्वांत क्षीण होईल तिथे थांबायचं, लपलेला माणूस तुमच्या पाठीमागे आहे! अंग मध्ये आडवं येतं म्हणून असं होतं. जवळ गेल्यावर आवाज सगळीकडून सारखाच येऊ लागतो, मग हँडी स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण किलकिलं करायचं. सहा-सहाचे गट करा. एक गट शोधाला, एक डायपोलवर, एक मोर्सवर, एक रिगपाशी लॉग (कोणाशी कधी बोलणं झालं याची नोंद) लिहायला.

रिग गाडीच्या बॅटरीवर चालवा. मंडपातले एलईडी दिवेसुद्धा बंद करून बघा, त्यांचीही खरखर असते. आणि सकाळी लवकर ऐका, तेव्हा ४० मीटरवर, म्हणजे तुमच्या त्याच ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, देशभरातले लोक गप्पा मारत असतात.

धागाकर्ती

मनापासून आभार! भोरची जागा आत्ताच फोन करून पक्की केली. छातीशी हँडी धरून घरात फिरून पाहिलं. नवरा जिन्याखाली दुसरी घेऊन उभा होता आणि तिसऱ्या फेरीला नेमका सापडला.

आता एकच विचारते. ती कोॲक्सवाली मुलगी आता १२ पूर्ण झाली आहे, म्हणजे परीक्षेला बसू शकते. पुणे परिसरात सातवीच्या मुलीला शनिवारी शिकवायला कोणी तयार असेल तर इथे सांगाल का? तिची आई आणि मी, दोघी सोबत येऊ.