सोलो डाइव्हिंगचं सर्टिफिकेशन करावं का? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर (स्कूबा डाइव्हिंगचा दुसऱ्या पायरीचा कोर्स) झालंय, लॉगबुकात डाइव्ह्जची शंभरी नुकतीच ओलांडली. आता सोलोचा, म्हणजे जोडीदाराशिवाय एकटीने डाइव्ह करण्याचा कोर्स करावा की नाही यावर घोडं अडलंय. ज्यांनी तो करून पुढे खरोखर वापरलाय त्यांनी तर जरूर लिहा.

आधी परिस्थिती सांगते. ह्यांच्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी डाइव्हिंगला स्वच्छ नाही म्हटलंय. मैत्रिणी तारकर्लीला एकदा उतरल्या, व्हिडिओ काढून आल्या, त्यांची हौस तिथे फिटली. त्यामुळे मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट असो की अंदमान, मी एकटीच जाते आणि बोटीवर जो कुणी बिनजोडीचा उरतो त्याच्याशी माझी जोडी लावतात. कधी फार चांगला माणूस मिळतो. कधी असा, की वेट बेल्ट (खाली जाण्यासाठीचा वजनांचा पट्टा) कसा बांधायचा तेही बोटीवर मीच दाखवते.

मला समुद्री गोगलगायींचे, म्हणजे न्यूडिब्रँकचे फोटो काढायचा नाद आहे. गेल्या सीझनला सोळा-सतरा मीटरवर एका कपारीत करंगळीच्या नखाएवढी एक सापडली. वर लाटा होत्या, त्यामुळे खालचं पाणी मला हातभर पुढे नेत होतं आणि तेवढंच मागे आणत होतं. फोकस बसेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली असतील. मान वर केली तर बडी, म्हणजे माझा जोडीदार, गायब. नियमाप्रमाणे एक मिनिट गोल फिरून शोधलं, मग सावकाश वर आले. तो बोटीवर बिस्किटं खात बसला होता. हवा कमी झाली म्हणून मला खूण न करताच वर गेला होता. गाईड दुसऱ्या चौघांच्या मागे. त्या एका मिनिटात माझ्या पाठीवरच्या सिलिंडरशिवाय हवेचा दुसरा थेंब जवळ नव्हता, हे मला तिथेच, पाण्यातच जाणवलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

म्हणजे एकांताची ओढ म्हणून हा कोर्स करायचा नाहीये. बडी असूनही मी एकटी पडतेच, तर तयारीनिशी एकटी असावं, एवढंच.

पाडी आणि एसडीआय या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थांचे, पाडीचा ‘सेल्फ रिलायंट डायव्हर’ आणि एसडीआयचा ‘सोलो डायव्हर’, असे दोन पर्याय पाहिलेत. दोन्हींना १०० लॉग्ड डाइव्ह्ज आणि अ‍ॅडव्हान्स्डची पातळी लागते. वयाची अट पहिल्याला १८, दुसऱ्याला २१. माझे प्रश्न असे:

हे कार्ड दाखवलं तर आपल्याकडचे ऑपरेटर एकटीला सोडतात का, की तरीही गाईड आणि ग्रुप सक्तीचाच? सोडत नसतील तर कोर्सचा पैसा पाण्यात जाईल का?

पोनी सिलिंडर (अडचणीसाठी सोबत न्यायचा छोटा जादा सिलिंडर) दोन लिटरचा घ्यावा की तीनचा? दोनचा हलका आहे, मला सामान एकटीला उचलायचं असतं.

तो भरायचा कुठे? एका ओळखीच्यांनी उद्यमनगरातल्या कॉम्प्रेसरवर भरून देतो म्हटलंय.

आणि घरच्यांची समजूत कशी काढलीत? सासूबाई ‘सोलो’ हे नाव ऐकूनच धास्तावल्यात, आणि त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही.

दर्यावर्दी:

ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो जिवाशी आहे. उद्यमनगरात अजिबात भरू नका. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा श्वासासाठी नसते. त्यात तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. जमिनीवर जो मोनॉक्साइड डोकेदुखीवर निभावेल, तोच खोलीवर दाब वाढल्यामुळे बेशुद्ध करू शकतो. शिवाय डाइव्ह सिलिंडर २०० बारचा, गॅरेजच्या कॉम्प्रेसरचं ते काम नव्हेच. फिल्टर असलेल्या डाइव्ह सेंटरच्या कॉम्प्रेसरवरच भरा आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली मजबुतीची चाचणी) झाल्याची तारीख बघूनच विकत घ्या.

आता दोन की तीन. हिशेब करा. २५ मीटरवर दाब साडेतीन बार. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरू. खाली तेच दाबाच्या पटीत वाढतं. तळाशी गोंधळ निस्तरायला एक मिनिट, म्हणजे ३० गुणिले साडेतीन, १०५ लिटर. मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने वर यायला साधारण तीन मिनिटं, सरासरी दाब सव्वादोन बार, म्हणजे २०० च्या आसपास. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येताना घ्यायचा थांबा), दीड बारला १३५ लिटर. बेरीज ४४० झाली. दोन लिटरचा पोनी २०० बारला ४०० लिटर देतो, तीनचा ६००. वजन उचलायला बोटीवरच्या पोरांना सांगा, पण तीनचाच घ्या. अडचणीसाठी म्हणून विकतात त्या हातात मावणाऱ्या पिवळ्या बाटल्यांत तर ८५ लिटरच्या आसपास हवा असते, २५ मीटरवर मिनिटभरसुद्धा पुरणार नाही.

कोर्समध्ये नेमकं हेच शिकवतात: स्वतःचा हवेचा खप मोजणं, त्यावर डाइव्ह आखणं, मास्क नसताना निभावणं, दुसऱ्या हवेवर जाणं, एसएमबी (आपली जागा बोटीला दाखवणारा फुगा) सोडणं. मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र) आणि कापायचं हत्यार, प्रत्येकी दोन. कार्डावर तुम्हाला एकटीला सोडतील की नाही हे त्या त्या ऑपरेटरवर आहे, बुकिंगआधी फोन करून विचारा. नाही सोडलं तरी हे शिक्षण तुमच्या अंगावर राहतं.

घाटमाथा:

दर्यावर्दींचं पटलं, पण दुसरी बाजू मांडते. हवा संपली, रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणारा नळ) बिघडला, जाळ्यात अडकलात, यावर दुसरा सिलिंडर आणि दुसरी सुरी हे उत्तर आहे. पाण्यात शुद्ध हरपली तर त्यावर कसलंच उत्तर तुमच्या अंगावर नसतं. तिथे दुसरा माणूसच लागतो. डाइव्हिंगमधल्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा मोठा असतो. तुमच्या सासूबाईंची भीती इथे बरोबर आहे. चाळिशीच्या पुढच्या असाल तर ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून मगच कोर्सचे पैसे भरा.

आणि परतीचा रस्ता. डॅन या डाइव्हर्सच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेचा सल्ला असा, की एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि लागोपाठच्या डाइव्ह्जनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, आणि ६०० मीटरच्या वर जाणंही यातच धरतात. मालवणहून आंबोली चढलात की तुम्ही ६९० च्या आसपास असता. नेत्राणी करून मुरुडेश्वरहून आलात तर बेळगाव साडेसातशे मीटर. दुपारी डाइव्ह उरकून रात्री कोल्हापुरात जेवायला पोहोचणारे पाहिलेत मी. एकटी गाडी चालवताना खांदा दुखायला लागला किंवा हाताला मुंग्या आल्या तर ते बॅगेचं ओझं की डीकम्प्रेशन (दाब उतरल्याने शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होणं), हे सांगायला शेजारी कुणी नसतं. एक रात्र किनाऱ्यावर राहायचं, हे बजेटमध्येच धरा.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. आंबोलीचा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. मालवणहून मी नेहमी दुसऱ्या दिवशीच निघते, पण ते सोलकढीसाठी. उद्यमनगरवाल्यांना आजच नको म्हणून कळवलं.

ठरवलंय असं: आधी तपासण्या. त्या नीट आल्या तर ऑक्टोबरमध्ये सीझन उघडला की कोर्स, आणि पोनी तीन लिटरचाच. मात्र कार्ड मिळालं तरी बडी असेल तिथे बडीबरोबरच उतरणार. ह्यांनाही ही वाटणी पटली. सासूबाईंना ४४० लिटरचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारलं, ‘आणि तो दुसरा नळ बिघडला तर?’

तेव्हा आता एवढंच सांगा: पोनीच्या रेग्युलेटरचं सर्व्हिसिंग तुम्ही कुठे करून घेता, आणि किती महिन्यांनी?