मदत हवी आहे : घर थंड राहायला भिंती कशाच्या बांधू? सोमवारी विटा येणार

बार्शीकर
इंजिनिअर म्हणतो, सरळ नऊ इंची भिंत, वर स्लॅब आणि एसी. आईला दमा आहे, एसीचा झोत तिला सोसत नाही. आत्ताच्या घरात मे महिन्यात मध्यरात्रीसुद्धा छताची धग लागते. लवकर सांगा.

अनया
काम कुठवर आलंय? मजले किती? आईची खोली कुठल्या दिशेला?

माळवदवाला
विटा कशाला? पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. आमच्या वाड्यात भर उन्हाळ्यात दुपारी पंख्याची गरज पडत नाही.

जोतं_ते_गच्ची
माळवदाला दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागते, तुळयांना वाळवी लागते. आणि दमेकऱ्याच्या डोक्यावर माती झडलेली चालेल का?
रॅट-ट्रॅप बाँड करा. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली पद्धत. वीट कडेवर उभी लावायची, भिंतीत पोकळी राहते, ऊन सावकाश आत येतं. विटाही साधारण २५ टक्के कमी लागतात. फक्त सगळ्या एका मापाच्या घ्या.

माळवदवाला
निगा राखली नाही की झडते. खालून लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं आच्छादन, केली की काही पडत नाही.

विजेचं_बिल
गच्चीवर सोलर बसवा. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे.

अनया
ते बिलाचं विचारत नाहीयेत.

बार्शीकर
जोतं झालंय. एकच मजला. आईची खोली रस्त्याच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला.

जोतं_ते_गच्ची
मग आधी खोली बदला! पश्चिमेला जिना, न्हाणीघर घ्या, आईला पूर्वेची खोली द्या. मावळतीचं ऊन तिरपं येतं, नुसत्या छज्जाने अडत नाही.
रात्रीची धग स्लॅबची आहे. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उष्णता खाली सोडतं. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) करा, नाहीतर दर उन्हाळ्याआधी चुना मारा.

अनया
आतून चुन्याचा गिलावा करा, भिंतीतली ओल बाहेर पडते. ऑइलपेंट नको, ताज्या रंगाच्या वासाने दमा उठतो. आणि गिलावा ओला असताना राहायला जायची घाई करू नका. ओलीवर बुरशी धरते, तिचा त्रास एसीपेक्षा वाईट.

विजेचं_बिल
एसी नको तर कूलर घ्या.

अनया
बंद खोलीत कूलर लावला की हवा दमट होते. दमेकऱ्याला नको. समोरासमोर खिडक्या ठेवा, जाळी लावून रात्रभर उघड्या राहतील अशा.

बार्शीकर
आई पूर्वेची खोली नको म्हणते. दिवसभर एकटी असते, खिडकीतून येणारं-जाणारं दिसतं, बायका थांबून बोलतात. ते मी कसं काढून घेऊ? गवंड्याने रॅट-ट्रॅप कधी केलेला नाही.

जोतं_ते_गच्ची
मग आईची खोली तिथेच ठेवा आणि पुढे कौलारू पडवी काढा. भिंत सावलीत राहील, बायकांना बसायलाही जागा होईल. गवंड्याकडून आधी कंपाउंडची भिंत रॅट-ट्रॅपने करून घ्या, हात बसेल. रस्त्याकडे जागा किती सुटलीय?